बाबांनी धुतलेली, मी न धुतलेली

केरी, सत्तरी
एप्रिल २०२५

प्रिय बाबल्या,

वर्षभर तुला पत्र नाही. फोनवर दोनदा बोललो ते हवापाण्याचं. बाबांना खांदा तू दिलास. मी तेव्हा विमानात होतो, आणि घरी पोचलो तो राख सावडायला. त्यावर तुझ्याशी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून गप्प राहिलो. आज वाळपईच्या पोलीस ठाण्यात जे पाहिलं ते इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, बंदुकीचं काय एवढं! म्हणून जेवण झाल्याबरोबर कागद ओढला.

आईचे गुडघे तसेच. माझी शुगर आटोक्यात. वर्षश्राद्ध नीट झालं.

बाबांचा परवाना दादाच्या नावावर करायचाय, त्यासाठी ठाण्यात गेलो होतो. लोकसभेच्या निवडणुकीआधी, मार्च २०२४ मध्ये, बाबांनी ठासणीची बंदूक स्वतः नेऊन जमा केली होती. ती तिथेच राहिली. हवालदारांनी चिठ्ठी बांधलेली बंदूक बाहेर काढली. मी नळीच्या तोंडात करंगळी घालून फिरवली. बोट बाहेर आलं ते खवट खोबरेलाचा वास घेऊन, पण गंजाचा ठिपका नाही. म्हणजे जमा करायच्या आदल्या रात्री, अंगात ताप असताना, त्या माणसाने चुलीवर पाणी उकळून नळी धुतली, पुसली, तेल लावलं. मी बाकावर बसलो. दादाला वाटलं मला ऊन लागलं.

तुला आठवतं ना, काजूच्या बागायतीत माकडांवर नुसता बार काढला तरी बंदूक धुतल्याशिवाय ते आपल्याला पानावर बसू देत नसत. आणि आता ऐक. दादाचा फोन आला त्या शनिवारी मी तिकडे जर्मनीत नेमबाजीच्या रेंजवर होतो, माझी ठासणीची रायफल घेऊन. तेरा बार काढून झाले होते. रायफल तशीच कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि विमानतळ गाठला. परत गेलो ते पाच आठवड्यांनी. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढून घेते, हे मी नवख्यांना शिकवतो. नळीत गज घातला तर खरखर. मागच्या बाजूला, दारू बसते तिथे, खड्डे पडले होते.

वर्षभर तीच नळी ओढली. तुला चिंध्यांचं सांगितलंय ना? शिशाचा गोळा तेल लावलेल्या सुती कापडात बसवून ठासतो. बार झाल्यावर ते कापड पुढे गवतात पडतं. चांगल्या नळीतलं उचललं तर कडेला काळं, मधे शाबूत. माझी आता फाटलेली सापडतात, चाळणीसारखी. पन्नास मीटरवर उभ्याने मारताना तेरांतले उत्तम दहा धरतात. माझे शंभरातले चौऱ्याण्णव व्हायचे, ते पंच्याऐंशीवर आले. तेव्हा नळी बदलायची हे नक्की. कुठली, यावरच माझी झोप उडालीये.

तिथला कारागीर म्हणतो, आतले चरे ४८ इंचांत एक वेढा घेतात अशी घे, गोळाही चालेल, आखूड गोळीही. मला हे ‘दोन्ही चालेल’ पटत नाही. गोल गोळ्याला चरांचा पीळ कमीच लागतो, पुढेमागे कसाही फिरला तरी तो गोलच. पीळ कडक आणि दारू जास्त झाली की कापड चरे सोडून सरळ घसरतं. म्हणून ६६ इंचांत एक वेढा आणि पाव मिलिमीटरभर खोल चरे, म्हणजे कापड आणि काजळी दोन्हींना जागा, अशी दुसरी नळी मनात आहे. क्लबातले एक आजोबा मात्र मागे लागलेत: गोळा सोड, ०.४५१ इंच भोकाची नळी घे, २० इंचांत एक वेढा, लांब गोळी, शंभर मीटरवर पालथं पडून मार. हे माप कुणाचं माहीत आहे? तू ज्याचे ५५ अंशांचे आटे लेथवर कापत आयुष्य काढलंस, त्याच इंग्रज इंजिनियर व्हिटवर्थचं! त्याची नळी आतून षट्कोनी. १८५७ च्या चाचणीत त्याने ब्रिटिश फौजेच्या एन्फिल्ड रायफलला मागे टाकलं, आणि एन्फिल्डचा पीळ होता ७८ इंचांत एक. गोळी जितकी लांब तितका पीळ कडक, एवढी साधी गोष्ट. पण मला उभं राहूनच मारायचंय. बाबांनी बांधावर उभं राहूनच शिकवलं.

(करवंटी मीच फोडली होती. तू काथ्याचा बोळा दुप्पट ठासला होतास, तुझा नेम नारळाच्या शेंड्यात गेला. तीस वर्षं झाली, आता तरी कबूल कर.)

आणि चौथा मार्ग, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र. जुनीच नळी आतून मोठी करून नवे चरे पाडायचे, ०.४५ इंचाची ०.५० करायची. पूर्वीचे कारागीर हेच करत. मी हिशेब केला: जुन्या चराच्या तळाखाली जेमतेम ०.३८ मिलिमीटर धातू निघतो. खड्डा त्याहून खोल असला तर सगळं फुकट, आणि ते कापल्याशिवाय कळणार नाही. शिवाय बत्तीस इंची नळीचं दीडशे ग्रॅम वजन घटणार, आणि उभ्याने मारताना तोंडाकडचं वजनच तर नेम धरायची पुढची माशी स्थिर ठेवतं. गोळा जड होणार, धक्का वाढणार. नळी नवी असो की कापलेली, उल्मच्या सरकारी चाचणीगृहातून जादा दाबाचे बार झेलून, शिक्का घेऊनच यावी लागते. डोकं सांगतं, ६६ ची नवी घे. पण जुनी मोडीत टाकायची म्हटलं की घशाशी येतं. ती बिघडली ती त्या रात्री, बाबल्या. कुणाला सांगू हे?

सकाळी ठाण्यातून येताना बसमध्ये वाटलं, बाबा असते तर जुनी ठेवून घेतली असती का? नसती. फुटका तांब्या ते परसात मिरचीच्या रोपाला लावत, पण पाणी नव्यातच पीत.

तुझ्या लेकीचा बारावीचा निकाल काय लागला? मस्कतचा नवा साहेब कसा आहे? वहिनींना नमस्कार. तुझ्या घरावरून गेलो, फणसाला खालपासून फणस लागलेत, तुझा भाऊ चार देऊन गेला.

सोमवारी कारागिराला कळवायचंय. लेथवर तू बसतोस, मी नाही. गंजाचा खड्डा ०.३८ च्या आत असेल की नाही, तुझा हात काय सांगतो? तेवढं रविवारच्या आत फोनवर सांग. खांद्याबद्दल मात्र फोनवर नको. चवथीला येशील तेव्हा मी इथे असेन, रजा मांडलीये.

तुझा,
बाळू