पाणीपट्टीचं बिल आधी मीटरशी लावून बघा, मग भरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या भागात पाणीपट्टीची बिलं वाटायचं काम चाललंय आणि दर वेळचंच परत चाललंय, बिल हातात पडलं की लोक थेट खालची रक्कम बघतात, "अहो एवढं कसं आलं" म्हणून चार दिवस गल्लीत चर्चा होते आणि शेवटच्या तारखेला लायनीत उभं राहून भरून मोकळे होतात. जे भांडायला जातात ते पण काउंटरवर रकमेवरच भांडतात. रकमेवर भांडून काही होत नाही हो, रक्कम कॉम्प्युटर काढतो, रीडिंग माणूस लिहितो, आणि चूक असली तर बहुतेक वेळा ती रीडिंगमध्येच असते, म्हणून भांडायचं तर रीडिंगवर भांडा एवढं सांगायला हे पत्र लिहितोय.

आमच्या शेजारच्या काकूंचं बघा. घरात त्या आणि काका दोघंच, मुलगा पुण्याला. दोन महिन्यांचं बिल आलं त्यात मागील रीडिंग 395, चालू रीडिंग 472, म्हणजे 77 युनिट. एक युनिट म्हणजे 1,000 लिटर. दोन माणसांनी दोन महिन्यांत 77,000 लिटर वापरलं म्हणजे रोजचं जवळपास 1,280 लिटर झालं. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरायचा सरकारी निकष आहे, त्या हिशोबानं दोघांचं रोजचं 270 आणि दोन महिन्यांचं 16 युनिटच्या आसपास यायला पाहिजे. काका म्हणाले भरून टाकू, नळ तोडला तर या वयात कुठं पळायचं. मी म्हटलं थांबा, आधी मीटर बघू. फरशी उचलून चेंबरमध्ये बघितलं तर मीटरच्या काचेला आतून दव धरलेलं, मोबाईलची बॅटरी तिरकी धरल्याशिवाय आकडे दिसेनात. काळे आकडे, म्हणजे पूर्ण युनिटचे, होते 412. रीडरनं त्या दवातून एकाचा सात वाचला होता. खरा वापर 17 युनिट.

आता ऑफिसात पहिलं उत्तर काय मिळालं तर "पुढच्या बिलात ॲडजस्ट होऊन जाईल". हे ऐकून बरीच माणसं परत येतात, पण जरा विचार करा, पुढच्या वेळी खरं रीडिंग येणार समजा 429, ते मागच्या 472 पेक्षा कमी, मग मीटर नादुरुस्त म्हणून शेरा पडणार आणि रीडिंगऐवजी मागच्या वापराची सरासरी लागणार, आणि ती सरासरी काढताना हेच 77 युनिट धरले तर? एका चुकीच्या आकड्यातून वर्षभराचं दुखणं तयार होतं. काकूंनी मीटरचा फोटो जोडून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग बिल दुरुस्त करून मिळालं. तोंडी सांगून झालं नसतं.

दुसरी गोष्ट सरासरीची. बिलावर कुठंतरी बारीक अक्षरात सरासरी, मीटर बंद, घर बंद, असा शेरा असतो, तो आधी शोधा. आपल्या सांगलीत तर 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, परत 2021 च्या जुलैमध्ये पूर आला, किती घरांतले मीटर दिवसेंदिवस चिखलपाण्यात बुडून होते. असा मीटर वरून धुतला तरी आत गाळ राहतो, मग अडकत अडकत फिरतो नाहीतर बंदच पडतो, आणि एकदा सरासरी सुरू झाली की कुणी विचारल्याशिवाय ती थांबत नाही. ज्या पहिल्या बिलावर सरासरी दिसेल त्याच बिलाला अर्ज द्या, दोन-तीन वर्षं भरत राहिलात तर मग मागचं कुणी उकरून बघत नाही.

आणि याच्यातच एक भाग आहे जो कुणी समजावून सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. मीटरचे दर बऱ्याच ठिकाणी टप्प्यांचे असतात, कमी वापराला कमी दर, वापर वाढला की वरच्या युनिटला जास्त दर. समजा (दर फक्त हिशोबापुरते धरलेत) दोन महिन्यांच्या बिलात पहिल्या 30 युनिटला 10 रुपये आणि त्याच्या पुढच्या प्रत्येक युनिटला 15 रुपये आहेत, आणि तुमचा वापर आहे 40 युनिट. तर 300 अधिक 150 असे 450 रुपये, सहा महिन्यांचे 1,350. पण रीडर सहा महिने आलाच नाही आणि एकदम येऊन 120 युनिट एकाच बिलात टाकले तर होतात 300 अधिक 1,350, म्हणजे 1,650. पाणी तेवढंच, मीटर बरोबर, रीडिंग पण बरोबर, तरी 300 रुपये जास्त. अशा वेळी अर्जात स्पष्ट लिहा की हा वापर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा आहे, तो तेवढ्या बिलांमध्ये विभागून टप्प्याचा दर लावावा. मधल्या काळात सरासरीनं पैसे भरले असतील तर ते वजा करायला सांगा. ही मागणी कुणी करतच नाही, कारण मागील रीडिंगची तारीख कुणी बघतच नाही.

मीटर जास्त पळतोय असं वाटत असेल तर घरीच तपासता येतं. नेटवर सांगतात की रात्री सगळे नळ बंद करून झोपा आणि सकाळी आकडा बघा, आपल्याकडं पाणी तास-दीड तास येणार, बाकी वेळ लाईन कोरडी, त्यातून काय कळणार? पाणी चालू असतानाच बघायला पाहिजे. टाकीकडं जाणारा कॉक बंद करा, खालचे नळ बंद करा, आणि मीटरवरचं बारकं चक्र बघा, ते फिरत असेल तर मीटरच्या पुढं तुमच्याच पाईपला कुठंतरी गळती आहे आणि ती तुम्हालाच काढावी लागणार, त्यात ऑफिसला दोष देऊन उपयोग नाही. चक्र थांबलं तर मग 200 लिटरचं बॅरल भरून बघा, लाल आकडे 200 लिटरच पुढं जायला पाहिजेत. आणि पाणी यायच्या आधी नळातून जी फुसफुस हवा येते ना, तिनं पण मीटर फिरतो, त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, तारीख-वेळेसकट.

अर्जाचं म्हणाल तर एका कागदाचं काम आहे. ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, बिलावरचं रीडिंग, प्रत्यक्ष रीडिंग, फोटोची तारीख, आणि काय पाहिजे ते एका वाक्यात. दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर सही-शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. जेवढ्या रकमेबद्दल वाद नाही तेवढी भरायची तयारी त्याच अर्जात लिहून द्या म्हणजे बिल बुडवतोय असं कुणी म्हणू शकत नाही. नळ तोडायची वेळ आलीच आणि पूर्ण भरावं लागलं तर "हरकत कायम ठेवून भरत आहे" असं लेखी देऊन भरा.

उत्तर आलं नाही तर पुढं रस्ते आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला, त्याखाली शहरी भागासाठी ज्या सेवा अधिसूचित केल्यात त्यात नळजोडणीच्या बऱ्याच सेवा आहेत, नादुरुस्त मीटरची तक्रार पण आहे. मुदतीत काम झालं नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडं. कारण नसताना काम अडवलं तर अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. आणि माहिती अधिकारात 10 रुपये भरून रीडिंगच्या नोंदीची प्रत आणि दराच्या ठरावाची प्रत मागवा, हे दोन कागद हातात आले की निम्मा वाद तिथंच मिटतो.

थकबाकी वाढली की राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस येते, लोक घाबरतात, कोर्टात केस झाली समजतात. ती दाखलपूर्व, म्हणजे कोर्टात अजून दाखल न झालेली प्रकरणं असतात, तडजोडीसाठी बोलावलेलं असतं, गेलंच पाहिजे. फक्त तिथं तडजोडीवर सही झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही, म्हणून रीडिंगचा हिशोब घरून करून जा, तिथं गडबडीत सही करू नका.

पाणी फुकट पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. साताऱ्याला कासचं पाणी डोंगरावरून उताराने येतं, आपल्याला कृष्णेतून मोटारी लावून उचलावं लागतं, वीज, तुरटी, क्लोरीन, शिवाय जलसंपदा विभागाला कच्च्या पाण्याचे पैसे, हे सगळं बिलातूनच निघायचं. साताऱ्यात बहीण राहते, तिथं तर काही भागाला नगरपालिकेचं पाणी, काही भागाला राज्य सरकारच्या जीवन प्राधिकरणाचं, त्यामुळं तिथल्या लोकांनी बिल कुणाचं आहे ते आधी बघून त्याच ऑफिसात अर्ज द्यावा. घरपट्टीच्या बिलात पाण्याच्या नावानं वेगळा कर असेल तर तो आणि मीटरचं बिल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवर दुसरीची तक्रार केली तर अर्ज नुसता फिरत राहतो.

आपल्या पेपरमार्फत दोन्ही जिल्ह्यांतल्या पाणी ऑफिसांना विनंती आहे, रीडिंग घेतलं की मीटरचा फोटो ग्राहकाच्या मोबाईलवर त्याच दिवशी पाठवा, बिलाच्या मागच्या बाजूला टप्प्यांचे दर छापा, सरासरीचा शेरा ठळक अक्षरात द्या, आणि बिलं वाटल्यानंतर प्रत्येक वॉर्डात एक दिवस असा माणूस बसवा ज्याला जागेवर बिल दुरुस्त करायचा अधिकार आहे. म्हाताऱ्या माणसांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवू नका, ती परत येत नाहीत, गुपचूप भरून टाकतात.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली