आरोग्यमंत्री साहेब, एप्रनऐवजी पत्र मिळालं

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी एक्स-रे टेक्निशियन आहे. आढावा बैठकीत वरिष्ठांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता, पंधरा दिवसांत नवे लेड एप्रन, म्हणजे एक्स-रेची किरणं अडवणारे शिशाचे एप्रन, येतील. परवा पत्र आलं, ‘उपलब्ध साहित्यावर काम भागवावे.’

उपलब्ध साहित्य म्हणजे एकच एप्रन. टांगायला हँगर नाही म्हणून तो खुर्चीवर घडी करून पडलेला असतो. घडीवर आतलं शिसं तडकतं, वरचं कापड मात्र धड दिसतं. शेवटी मी त्या एप्रनचाच एक्स-रे काढला. ऐन पोटाच्या जागी काळ्या भेगा उमटल्या. आमच्या वरिष्ठांनी फिल्म खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाले, “चालतंय अजून.”

तोच एप्रन माझी गरोदर सहकारी घालते. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळाला पुढच्या सगळ्या महिन्यांत मिळून १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणांच्या डोसचं माप) जास्त डोस जाऊ नये, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. तिने ड्यूटी बदलून मागितली, तर उत्तर आलं, “झेपत नसेल तर घरी बसा.” तुमच्या लेकीसुनेला कुणी असं बोललेलं तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

मला तर अंगावर पडलेली किरणं मोजणारा टीएलडी बॅजही नाही. कंत्राटी ना! किरणं काय ऑर्डर बघून अंगात शिरतात? पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्ट ही आमची मर्यादा. पण मोजणारा बॅजच छातीवर नसेल, तर ती ओलांडली की नाही हे कोण सांगणार? उद्या मला काही झालं, तर कागदावर माझा डोस शून्य.

धडगावकडून हात मोडलेलं पोर येतं, भीतीने हातपाय झाडतं. आईच्या कडेवर दुसरं तान्हं. मग पोराला धरतं कोण? आम्हीच. खरं तर नातेवाइकाने एप्रन घालून धरायचं असतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, एसी बंद पडतो, खोलीत जीव घुसमटतो आणि दार उघडं राहतं. समोर बाकावर पेशंटची रांग बसलेली. किरणं सुरू आहेत हे सांगणारा दारावरचा लाल दिवा कधीचाच गेलाय.

नव्या मशीनचं उद्घाटन मात्र थाटात झालं. फीत, हार, फोटो, बॅनर सगळं झालं. मशीनला लाखो रुपये मिळतात, ते चालवणाऱ्याला मिळत नाहीत. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनी ही साधनं पुरवण्याची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्यावर टाकली आहे. इथे ठेकेदार दवाखान्याकडे बोट दाखवतो, दवाखाना जिल्ह्याकडे, जिल्हा मुंबईकडे. कोरोनात आमच्यासाठी थाळ्या वाजवल्या, आता आमची फाईल कुठे अडकली तेही कुणी सांगत नाही. आदिवासी भागातल्या माणसाचा जीव स्वस्त आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्याचा त्याहून स्वस्त, असंच तुमचं खातं चालतं.

एप्रन, गळ्याला किरणांपासून जपणारी थायरॉइड कॉलर आणि कंत्राटी-कायम न बघता सगळ्यांना बॅज द्या. त्याला निविदा लागेल, वेळ जाईल, समजू शकते. पण माझ्या सहकारीला या सोमवारपासून केसपेपरच्या खिडकीवर बसवायला निविदा लागत नाही. तेवढा एक फोन आजच करा.

आपली,
एक एक्स-रे टेक्निशियन, जि. नंदुरबार