कॅमेऱ्यात बारीक दिसते, एवढंच

शिकागो,
२७ एप्रिल

ती. आई व ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन ठेवल्यावर आईचा काळजीने ओढलेला चेहरा नजरेसमोरून हलेना, म्हणून लिहायला बसले. फोनवर निम्मा वेळ "दिसतेय का", "आवाज येतोय का" यातच जातो आणि उरलेल्या वेळात आई माझे गाल निरखते. आई, मी बारीक झालेली नाही. त्या दिवशी फोन वरच्या फळीवर ठेवला होता. कॅमेरा वरून असला की माणूस लहान आणि ओढलेलं दिसतं. दिवा डोक्यावर होता, म्हणून डोळ्यांखाली काळं वाटलं. तुझी समजूत काढायला म्हणून हे रचलेलं नाही. सध्या सातवीच्या इंग्रजीच्या वर्गात मी हेच शिकवते आहे.

माझं रोजचं तुम्हाला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही. जेवते वेळेवर. डेव्हन अॅव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून भाकरीचं पीठही आणलं आहे. थंडी आता सरली.

बाबा, तुम्ही विचारलंत, कविता शिकवायची तर सिनेमा कशाला दाखवायचा? तुमचा प्रश्न मला लागला, कारण तो वर्गात वेळ घालवण्याचा भाग नाही. आपल्याकडे अध्ययन निष्पत्ती असतात तशा इथेही प्रत्येक इयत्तेच्या ठरलेल्या आहेत. सातवीच्या मुलाला लिहिलेली कविता आणि तिचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट यांची तुलना करता आली पाहिजे, आणि प्रकाश, आवाज, रंग, कॅमेऱ्याचा कोन यांनी काय बदललं ते सांगता आलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

मी घेतलेली कविता 'केसी अॅट द बॅट'. अर्नेस्ट थेअर यांची ही कविता ३ जून १८८८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' या वर्तमानपत्रात टोपणनावाने छापून आली. चार-चार ओळींची तेरा कडवी. मडव्हिल नावाच्या गावाचा बेसबॉलचा संघ ४-२ ने मागे आहे, शेवटचा डाव चालू आहे, दोन गडी बाद आहेत, दोन जण धाव पुरी करायच्या वाटेवर 'बेस' नावाच्या थांब्यांवर उभे आहेत. गावाचा लाडका केसी खेळायला येतो. त्याने एकच चेंडू मैदानाबाहेर मारला की तिघांच्या तीन धावा होतात आणि सामना जिंकला. पहिला चेंडू तो नुसता सोडून देतो, दुसराही सोडतो. पंच दोन्ही वेळा स्ट्राइक देतो, म्हणजे मारण्याजोगा चेंडू वाया घालवला असा कौल, आणि लोक पंचावर खवळतात. असे तीन स्ट्राइक झाले की गडी बाद. आता तिसरा. केसीच्या फटक्याने हवा दुभंगली, इथे बारावं कडवं संपतं.

आणि तेरावं कडवं भलतीकडेच सुरू होतं. या भाग्यवान देशात कुठेतरी लख्ख ऊन पडलंय, कुठेतरी बँड वाजतोय, कुठेतरी मुलं ओरडताहेत. मडव्हिलमध्ये मात्र आनंद नाही, कारण केसी बाद झाला. बाबा, फटका चुकला ही गोष्ट कवीने कुठेही दाखवलेली नाही. ती दोन कडव्यांमधल्या कोऱ्या जागेत घडते. मला ही कविता आवडते ती त्या कोऱ्या जागेसाठी.

म्हणून क्रम मी बदलू देत नाही. आधी मनात वाचायचं. वहीत दोन रकाने: काय दिसलं, काय ऐकू आलं. मग ध्वनिमुद्रण. डीवुल्फ हॉपर या नटाने ही कविता १८८८ मध्येच न्यूयॉर्कच्या रंगमंचावर म्हटली, पुढे आयुष्यभर म्हणत राहिला, आणि १९०६ मध्ये तिची तबकडी निघाली. तेव्हा ध्वनिमुद्रणाला विजेचा मायक्रोफोन वापरत नसत, कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने बोलावं लागे. तबकडीची खरखर ऐकून मुलं आधी कुजबुजली, मग गप्प झाली. एका मुलीने लिहिलं की कागदावर तिची नजर घसरून शेवटच्या ओळीवर गेली होती आणि निकाल आधीच कळला होता. ऐकताना पुढे पळता येत नाही, नट बोलेपर्यंत थांबावंच लागतं. एवढं कळलं तरी माझा तास सार्थकी लागला.

सगळ्यात शेवटी डिस्नेचं १९४६ सालचं रंगीत कार्टून. त्यात केसीला फुगलेली छाती आणि मिशा आहेत, आणि तो चेहरा एकदा पाहिला की मुलांनी आपापल्या मनात घडवलेला केसी पुसला जातो. म्हणून तर वहीतले रकाने आधी भरून घेते. कवितेतली कोरी जागा चित्रपटाला कोरी ठेवता येत नाही, तिथे काहीतरी दाखवावंच लागतं. सामना संपल्यावरचा, पावसात एकटाच चेंडूशी झगडणारा केसी त्यात आहे. कवितेत तो नाही. मग प्रश्न येतो, कवितेत आपल्याला केसीची कीव येते का? निम्मा वर्ग हो म्हणाला, निम्मा नाही. मेक्सिकोहून आलेला एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला की कवितेत केसीच्या मनातलं आपल्याला कोणी सांगतच नाही, सगळं गर्दीच्या डोळ्यांनी आहे. बाबा, तुम्ही असता तर त्याची पाठ थोपटली असती.

"अमेरिकन मुलांना इंग्रजी शिकवायला तुझीच गरज काय," हे जे काका सगळ्यांसमोर म्हणाले, त्याचं उत्तर हेच आहे. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत. दुसऱ्या भाषेतली कविता आधी कानाने धरावी लागते, हे मला शिकवावं लागलं नाही. तुम्ही पाठ्यपुस्तकातली प्रत्येक कविता चालीवर म्हणून घेत होतात. आजही बालकवींची 'श्रावणमासी' मला तुमच्या चालीशिवाय वाचता येत नाही. एक काम करा. ती कविता तुमच्या आवाजात, त्याच चालीत फोनवर रेकॉर्ड करून पाठवा, धाकटी मदत करेल. शब्द न कळता नुसत्या आवाजातून काय पोचतं, ते मुलांना लिहायला सांगणार आहे. खोकला असेल तर थांबा, पण नक्की पाठवा.

इथली एक रीत मात्र तुम्हाला सविस्तर सांगायलाच हवी. कविता बेसबॉलची, म्हणून शाळेतल्या सहकाऱ्यांनी मला रिग्ली फील्डवर सामन्याला नेलं. हे मैदान १९१४ चं, चाळीस हजारांवर माणूस बसतं. सामन्याचे डाव नऊ. सातव्या डावात पाहुण्या संघाची खेळी संपली की सगळं मैदान उठून उभं राहतं. संघ हरत असो की जिंकत असो, सगळे उभे. आजोबा, तान्ही मुलं घेतलेल्या बाया, समोरच्या संघाचे लोकसुद्धा. हातपाय ताणतात आणि १९०८ सालचं एक गाणं एका सुरात म्हणतात: मला सामन्याला घेऊन चला, शेंगदाणे घेऊन द्या. गाण्यात आपल्या संघाचं नाव घालायची जागा आहे, तिथे सगळे आणखी मोठ्याने ओरडतात. शेवटी एक, दोन, तीन स्ट्राइक आणि बाद, असं बोटं वर करून मोजतात. इथे हॅरी कॅरी नावाचे समालोचक पूर्वी खिडकीतून वाकून हे गाणं म्हणवून घ्यायचे. १९९८ मध्ये ते गेले, तेव्हापासून दर सामन्याला कुणीतरी पाहुणा म्हणवून घेतो. मी शेजारच्या बाईंना विचारलं, हे सातव्याच डावात का? त्या म्हणाल्या, पाय आखडतात म्हणून. मग सहाव्यात का नाही, याला उत्तर नव्हतं. गाणं संपलं की सगळे खाली बसतात आणि जणू काही झालंच नाही असा खेळ पुढे सुरू. मी उभी राहिले, बोटंही मोजली, आणि तुम्ही दोघं शेजारी असायला हवे होतात असं फार वाटलं.

आई, बातम्या बघून घाबरू नकोस. शाळेचं दार कुलूपबंद असतं, बाहेरच्या माणसाला विचारपूस केल्याशिवाय आत घेत नाहीत. रात्री उशिरा एकटी फिरत नाही. माझ्या आवाजाला थकवा वाटला तो दिवसभर कविता मोठ्याने म्हटल्याचा.

आता जे फोनवर राहून जातं ते. शाळेने माझा व्हिसा आणखी दोन वर्षं वाढवायचं विचारलं आणि मी हो म्हटलं आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं असं आई म्हणेल. पण ही सातवीची मुलं आठवीत जाताना मला बघायची आहेत, आणि घराचं कर्जही त्यात फिटतं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकलू नका, त्याचे पैसे मी वेगळे ठेवले आहेत.

धाकटीचं लग्न माझ्यासाठी अडवू नका. मोठीचं आधी, हा हट्ट आई, आता सोड. मुलगा चांगला आहे, दोघांना एकमेकं पसंत आहेत, त्यांनी माझी वाट का बघायची? गुरुजींना एवढंच विचारा की तुळशीच्या लग्नानंतर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आसपास मुहूर्त मिळतो का. त्या आठवड्यात इथे शाळेला सुट्टी असते, मी धावत-पळत का होईना येईन आणि पाठराखीण म्हणून तिच्यासोबत जाईन. मुहूर्त नसेल तर थांबू नका. तिला सांगा, मी रागावणार नाही. माझा शालू तिला दे, मला तो इथे लागत नाही.

आत्याने सुचवलेल्या स्थळाशी मी बोलेन. पण पुढची दोन वर्षं इथेच आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगून. चालत असेल तर पुढे बघू.

कार्यालयाच्या आगाऊ रकमेसाठी दीड लाख बाबांच्या खात्यात टाकले आहेत. बाबा, मागच्या वेळेसारखे माझ्या नावावर मुदत ठेवीत टाकू नका. कार्यालयवाल्याला देऊन पावतीचा फोटो पाठवा.

तुमची,
मोठी