७०० मिलिसेकंदांची लाज

प्रिय शमे,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही आणि चौथा तू पाठवलाच नाहीस. बरोबर केलंस. पाठ दुखते, चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी ठीक.

ती आपली एकांकिका आठवते ना, ज्यात तू वाक्य विसरलीस? तसंच माझं झालंय. म्हणून हे पत्र.

या सेमिस्टरला माझा विषय होता भावना आणि इंटरॅक्टिव्हिटी, म्हणजे वस्तूने माणसाला प्रतिसाद देणं. आधी नुसतं वाचन. १९४४ साली हायडर आणि सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना पडद्यावर दोन त्रिकोण आणि एक गोल इकडेतिकडे फिरताना दाखवले. जवळपास सगळ्यांनी त्याची गोष्ट करून टाकली: मोठा त्रिकोण दांडगट, धाकटा बिचारा. १९६६ साली वायझेनबॉम या संगणकतज्ज्ञाने एलायझा नावाचा गप्पा मारणारा प्रोग्राम केला. आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच प्रश्न विचारायचा, बस. तो तयार होताना जिने महिनोन्‌महिने पाहिला, ती वायझेनबॉमची सेक्रेटरीच एलायझाशी बोलायला बसली आणि वायझेनबॉमला म्हणाली, जरा बाहेर थांबता का? मला हे वाचून खूप हसू आलं होतं.

मग मी बोका केला. नाव वर्गाने ठेवलं, त्याला ना डोळे ना कान. लोकरी कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं, आत टच सेन्सर आणि छोटी सर्वो मोटर. वर हात ठेवला की पाठ फुगवून तळव्याला टेकायचं, एवढंच त्याचं काम. चौदा जणांना हात ठेवायला लावले. बोका क्षणभर ढिम्म, मग हळूच वर. "लाजतंय," एक म्हणाला. "आधी ओळख पटवून घेतंय," दुसरी. एका मुलीने हात ठेवला, काहीच होईना म्हणून उचलला, तेवढ्यात तो वर आला. ती चक्क त्या गाठोड्याला "सॉरी" म्हणाली आणि हात परत ठेवला. या वेळी अगदी अलगद.

प्रेझेंटेशनमध्ये मी त्याला 'प्रतिसादापूर्वीचा संकोच' म्हटलं. वर तुझ्याकडून ढापलेला शब्द टाकला: व्रीडा, म्हणजे लाज, नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी (येणाऱ्या-जाणाऱ्या) भावांपैकी एक. परीक्षक खूश. एकांनी तर वहीत लिहून घेतला.

आता ऐक. त्या रात्री कोड साफ करताना एक ओळ सापडली. डिले, ७०० मिलिसेकंद, म्हणजे हलण्याआधी तेवढं थांब. सेन्सरचे आकडे स्क्रीनवर भराभर पळायचे, वाचता येईनात, म्हणून सुरुवातीला कधीतरी मीच टाकली होती. काढायची राहिली. ही माझी व्रीडा!

ओळ काढली. हात लागताच बोका टुणकन उडाला. सकाळी त्याच मुलीला दाखवला. "खेळणं झालं गं याचं," म्हणाली आणि फोन बघायला लागली.

आणखी एक. बोटांना सेन्सर लावून आलेख काढले होते. घाम वाढला की त्वचेतून वीज सहज जाते, रेघ वर चढते. माणूस मनातून हलला एवढंच त्यातून कळतं. आनंदाने की दचकून, ते यंत्राला ठाऊक नसतं. मोटर कुर्रर करायची, त्यानेही चढली असेल. मी मात्र प्रत्येक शिखराशेजारी 'जिव्हाळा' लिहून ठेवलंय. चांगल्या अक्षरात.

रिपोर्ट सोमवारी द्यायचाय आणि त्यात 'जाणीवपूर्वक' हा शब्द सहा वेळा आहे. मोजले. पार्टनर म्हणतो, गप्प बस, निम्मी डिझाइनं अशीच सापडतात. त्याचंही खोटं नाही. चौदा जणांना जे वाटलं ते त्यांना खरंच वाटलं. पण मग संकोच कुणाचा? बोक्याचा नाही. माझा तर नाहीच, मी विसरले होते. खोडावं म्हणून पेन उचलते आणि त्या 'सॉरी'वाल्या मुलीचा हात डोळ्यांपुढे येतो.

तुझं वाक्य मी विंगेतून दोनदा सांगितलं होतं. तुला ऐकू गेलं नाही. तू नुसती वर बघत राहिलीस, नाट्यगृहात चिडीचूप, आणि अभिनयाचं बक्षीस तुला. परतीच्या बसमध्ये मी सगळ्यांना सांगून टाकलं की बाई वाक्य विसरली होती. चार महिने बोलली नाहीस. मी आपली प्रत्येकाला विचारत फिरले, मी खोटं काय बोलले? (दोनदाच सांगितलं होतं, तिसऱ्यांदा नाही, हे आजही मान्य. पण तूही ऐकायला हवं होतंस.)

तेव्हा कधी विचारलं नाही, आता विचारते. ट्रॉफी घ्यायला वर गेलीस तेव्हा तुझ्या मनात काय होतं? आणि मी बोलले नसते तर तू कधीतरी सांगितलं असतंस का?

नवं घर लागलं का? काकूंचा गुडघा कसा आहे? आणि त्या बासरीवाल्याचं पुढे काय झालं, ते सविस्तर लिही, मला सगळं हवंय.

सोमवारच्या आत लिही. उशीर केलास तर मी त्यातही काहीतरी शोधत बसेन, सध्या मला तेवढंच येतं.

तुझी,
प्रॉम्प्टर

ता.क. डिले ३०० करून पाहिला. कुणी लाजतंय म्हणालं नाही. "सेल संपत आलेत का?" असं विचारलं.