आधी सांधा, मग इम्प्लांट

प्रिय मित्रा,

तोंड उघडताना कानापुढे कट् वाजतं, सकाळी गाल दुखतात आणि पुढच्या महिन्यात खालच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम दातांचे स्क्रू) बसवायचं ठरलंय, असं तू लिहिलंस. नुसतं वाजत असतं तर मी काही बोललो नसतो. दुखतंय, म्हणून सांगतो: आधी कानापुढचा जबड्याचा सांधा शांत होऊ दे. दाढा बसल्या की सांधा आपोआप बरा होईल, या भरवशावर राहू नकोस.

तोंड किती उघडतं ते मोजून घे. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये ४० मिमी तरी अंतर हवं. ३५च्या आत असलं की मागे ड्रिल सरळ धरता येत नाही आणि इम्प्लांट तिरकं जाऊ शकतं. शिवाय तासभर आ वासून बसणं दुखऱ्या सांध्याला झेपत नाही.

काही आठवडे मऊ जेव, दिवसातून दोनदा १५-२० मिनिटं ओला शेक घे. जेवणाखेरीज दातावर दात टेकवू नकोस. ओठ मिटलेले, दात सुटे. रात्री कडक अ‍ॅक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायचा साचा, लाव. अर्ध्याच दातांवर बसणारा नको. उघडे राहिलेले दात सरकतात आणि चावा बिघडतो. आणि दुखतंय म्हणून चावा जुळवायला कुणाला दात तासू देऊ नकोस, तासलेलं परत येत नाही.

खरी मेख कॅपच्या, म्हणजे इम्प्लांटवर बसणाऱ्या दाताच्या, उंचीत आहे. आपल्या दाताभोवती तंतूंचं आवरण असतं. जोर आला की दात किंचित दबतो, जास्त जोर लगेच जाणवतो. इम्प्लांट थेट हाडाला धरलेलं असतं, ते जवळपास दबतच नाही. म्हणून हलकं चावल्यावर डॉक्टरांकडची चावा तपासायची ८ मायक्रॉन जाडीची पातळ पट्टी शेजारच्या दातांत अडकावी, कॅपवरून मात्र सुटून यावी; जोरात चावल्यावर तिथेही धरली जावी. जबडा बाजूला सरकवताना कॅप घासता कामा नये. हे चुकलं आणि रात्री दात खाण्याची सवय असली, तर स्क्रू सैल होतो किंवा पोर्सेलिनचा टवका उडतो.

कॅप बसल्यावर जुना स्प्लिंट तसाच लावू नकोस, तो जुळवून घ्यावा लागतो. हे हमखास विसरलं जातं.

एक लक्षण मात्र अंगावर काढू नकोस. कट् वाजणं अचानक थांबलं आणि तोंड २५-३० मिमीच्या पुढे उघडेना, तर ते बरं झालेलं नसतं. सांध्यातली चकती पुढे अडकलेली असू शकते. त्याच आठवड्यात दाखव.

मोजलेला आकडा कळव.

तुझा मित्र