'खो' दिला की 'खो' घातला?

मा. संपादक,
स. न.

'रस्त्याच्या कामाला निधीचा खो', 'पुनर्विकासाला खो' अशी शीर्षके वृत्तपत्रांत नेहमी दिसतात आणि त्यांत वावगे काही नाही. अडचण क्रीडापानावर होते. तिथे 'यजमानांचा पाहुण्यांना खो' असे छापले जाते. वाचायला खटकेबाज वाटते, पण खो-खोत खो प्रतिस्पर्ध्याला देताच येत नाही. तो आपल्याच संघातल्या, पाटीवर (मैदानाच्या मधल्या पट्ट्यावर) बसलेल्या गड्याला द्यायचा असतो.

नेहमीच्या खेळात पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. आठ जण 30 सेंटिमीटर रुंदीच्या मधल्या पाटीवर, एकाआड एक विरुद्ध बाजूंना तोंड करून बसतात आणि नववा धावतो. समोर तीन-तीनच्या तुकडीने येणारे बचावपटू. धावणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. बचावपटूला मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही पलीकडे निसटता येते. म्हणून ज्या बाजूला तो निसटला, त्या बाजूला तोंड करून बसलेल्याला खो मिळतो. खो म्हणजे काम दुसऱ्याच्या अंगावर टाकणे नव्हे. स्वतःला जाता येत नाही तिथे सहकाऱ्याला धाडण्याची ती युक्ती आहे.

खो पाठीमागून द्यायचा. हाताचा स्पर्श आणि मोठ्याने उच्चारलेला 'खो' एकदमच हवेत. देणाऱ्याने लगेच रिकाम्या झालेल्या जागी बसायचे आणि घेणाऱ्याने पहिल्या पावलांत दिशा पकडली की खांब गाठेपर्यंत ती बदलायची नाही. चुका इथेच होतात. घाईत आवाज आधी निघतो आणि हात मागून पोहोचतो. बसलेला गडी चाहूल लागताच स्पर्शाआधी उठतो. नवख्या संघांत हे फार. कधी धावणारा वेगात बसलेल्या गड्याची आडवी पाटी, म्हणजे त्याच्या जागेतून जाणारा आडवा पट्टा, सोडून पुढे निघून जातो आणि मागे हात टाकून खो देतो. यालाच मैदानावर 'लेट खो' म्हणतात. कधी धावताना खांदा इतका वळतो की पंच दिशा बदलली असे धरतात. यातले काहीही झाले की शिट्टी वाजते, धावणाऱ्याला उलट दिशेला जावे लागते आणि दरम्यान कोणाला टिपले तरी तो बाद धरत नाहीत. अवघ्या नऊ मिनिटांच्या पाळीत असे चार-पाच फाउल झाले तर बचाव करणाऱ्यांना आयताच श्वास मिळतो. रोजच्या भाषेतला 'खो घालणे' मैदानात शोधायचाच असेल तर तो या फाउलमध्ये सापडेल. आणि तोही स्वतःच्याच संघाला घातलेला!

मग बोलीभाषेत 'खो' म्हणजे अडथळा कसा झाला? माझा तर्क असा, की ती भाषा पळणाऱ्याच्या नजरेतून आली असावी. पाठलाग करणाऱ्याला खो ही मदत. पळणाऱ्याला मात्र मोकळी वाट दिसत असतानाच समोरून नवा गडी उठतो. त्याच्या दृष्टीने वाटेत खो पडलाच. क्रियापदांतला फरकही बोलका आहे. मैदानात खो 'देतात', 'मिळतो', 'घेतात'. कामात तो 'घालतात' किंवा 'बसतो'. 'त्याने मला खो दिला' आणि 'त्याने मला खो घातला' यांत कोणी मराठी माणूस गोंधळणार नाही. नुसते 'अमक्याला खो' लिहून क्रियापद गाळले, की हा फरक पुसला जातो.

सरकारी कार्यालयांतला 'खो-खो' हा तिसरा प्रकार. या टेबलावरून त्या टेबलावर नागरिकाला पाठवणे याला लोक खो-खो म्हणतात. उपमा झकास आहे, पण खेळावर अन्याय करणारी. खो दिल्यावर एक बसतो हे खरे, पण दुसरा त्याच क्षणी उठून धावतो. कार्यालयात उठतो कोण?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी अंतिम सामन्यांत नेपाळला हरवले. महिलांनी 78-40, पुरुषांनी 54-36. तिथे एक गडी टिपला की दोन गुण मिळत होते, त्यामुळे गुण म्हणजे बाद गडी असे समजून बातमी लिहिली तर आकडे दुप्पट फुगतात. 'वझीर' हा खास खेळाडूही त्या स्पर्धेच्या खेळात होता. त्याला कुठल्याही दिशेला वळून धावण्याची मुभा असते. वर सांगितलेला दिशेचा नियम त्याला लागू नाही. हे ठाऊक नसले तर त्याचे वळणे फाउल वाटते.

क्रीडापानासाठी शब्द आपल्याकडे भरपूर आहेत: मात केली, गडी टिपले, अमुक मिनिटे पळतीचा (बचावाचा) खेळ केला, डावाने किंवा वेळ राखून जिंकले. 'चढाई' तेवढी कबड्डीसाठी ठेवावी; खो-खोत चढाई नसते, आक्रमण असते. शीर्षकात 'खो' हवाच असेल, तर तो कोणी कोणाला दिला हे उपसंपादकाने एकदा तपासावे. दोन्ही नावे एकाच संघातली निघाली, तरच तो छापावा.

आपला,
खो-खोचा एक पंच, सांगली