बायपासऐवजी स्टेंट, पण पुढे काय?

महोदय,

2020-21 मध्ये कोरोनाच्या साथीत अनेक हृदयरुग्णांची बायपास शस्त्रक्रिया पुढे ढकलून स्टेंट (अडथळा आलेली रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या बारीक नळ्या) बसवले गेले. त्या वेळी ते योग्यच होते. बायपासनंतर काही तास व्हेंटिलेटर, पुढे आयसीयूतील खाट आणि रक्ताच्या पिशव्या लागतात, आणि नेमक्या याच गोष्टींची तेव्हा वानवा होती. शस्त्रक्रियेच्या सुमारास कोरोना झालेल्या रुग्णांपैकी जवळपास 24 टक्के महिन्याभरात दगावल्याचे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील आंतरराष्ट्रीय अभ्यासात मे 2020 मध्येच दिसले होते. उलट स्टेंट मनगटातून बसतो आणि रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो.

मात्र अनेक घरांत याचा अर्थ ‘बायपास टळली’ असा घेतला गेला, तो मला धोक्याचा वाटतो. मधुमेह असून एकाहून अधिक रक्तवाहिन्यांत अडथळे असतील, तर बायपासचा फायदा अधिक असतो, हे 2012 च्या ‘फ्रीडम’ या रुग्णांवरील वैद्यकीय अभ्यासाने दाखवले आहे. आपल्याकडे मधुमेही काय कमी आहेत? शिवाय अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. (दात काढायचा म्हणून गोळ्या परस्पर थांबवणारे महाभाग आहेतच!)

निव्वळ साथीमुळे स्टेंट घेतलेल्यांना रुग्णालयांनी स्वतःहून फेरतपासणीला बोलवावे. हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद दोघांनी मिळून अँजिओग्राफीची सीडी पुन्हा पाहावी आणि बायपास अजून लागणार का, हे रुग्णाला मराठीत लिहून द्यावे.

– एक वाचक, सांगली